पडलेलं ॲव्हरेज शोधायला पाचशे रुपयांचा ओबीडी स्कॅनर: कितपत उपयोगी?

'ईएलएम३२७ ब्लूटूथ ओबीडी' असं ऑनलाइन शोधलं की निळ्या-काळ्या डब्यांची रांग समोर येते. ओबीडी म्हणजे गाडीतच असलेली बिघाड शोधण्याची यंत्रणा. किंमत साधारण तीनशेपासून हजारापर्यंत. काडेपेटीएवढं हे यंत्र स्टेअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये खोचायचं, फोनशी जोडायचं आणि इंजिनाचा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, काय वाचतोय ते स्क्रीनवर बघायचं. बहुतेक जण 'चेक इंजिन'चा दिवा लागला की ते मागवतात. पण दिवा न लागताच ॲव्हरेज पडतं तेव्हा ते जास्त कामाला येतं. पेट्रोल इंजिनातच जादा जळतंय की इंजिनाबाहेर वाया जातंय, हे एवढ्या पैशांत दुसरं काहीच सांगत नाही. ॲव्हरेजची तक्रार घेऊन गेलं की इंजेक्टर क्लीनिंग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, डिकार्बनायझिंग अशी पॅकेजेस एकही आकडा न बघता सुचवली जातात. हातात आकडे असले की त्यातलं कुठलं करायचं आणि कुठलं नाही, हे आधी ठरवता येतं.

घेताना काय बघायचं

मूळ ईएलएम३२७ ही कॅनडातल्या ईएलएम इलेक्ट्रॉनिक्सची चिप. ती कंपनी २०२२ मध्ये बंद झाली. पाचशे रुपयांत मिळतात त्या सगळ्या तिच्या नकला. नक्कल म्हणून टाकाऊ असं नाही, पण त्यांतही डावं-उजवं आहे. 'व्ही १.५' लिहिलेले ॲडॅप्टर बहुधा जास्त कमांड ओळखतात. मूळ कंपनीने १.५ नावाची आवृत्ती कधी काढलीच नव्हती, तरी बाजारात हा आकडा चालतो. 'व्ही २.१' लिहिलेल्यांत बऱ्याचदा निम्मे कमांड छाटलेले असतात आणि कॅन (गाडीतल्या संगणकांची आजची संदेशपद्धत) सोडून जुन्या केडब्ल्यूपी प्रोटोकॉलशी त्यांचं जमत नाही. लेबल काहीही छापता येतं, म्हणून परतीची सोय असलेल्या ठिकाणाहूनच घ्या.

गाडी कुठल्या सालची आहे हे महत्त्वाचं. आपल्याकडे बीएस-४ चारचाकींना ओबीडी-२ एप्रिल २०१३ पासून बंधनकारक झालं. त्यानंतरच्या गाडीत सहसा अडचण येत नाही. २०१० च्या आधीच्या काही गाड्यांत सॉकेट असतं, पण आतला ईसीयू कंपनीची स्वतःची भाषा बोलतो, तिथे हा स्कॅनर जोडलाच जात नाही. आयफोन असेल तर साधं ब्लूटूथ मॉडेल चालणार नाही. वायफाय किंवा ब्लूटूथ ४.० वालं लागेल. अँड्रॉइडवर टॉर्क, आणि दोन्हीकडे कार स्कॅनर ही ॲप्स पुरेशी आहेत. वारंवार वापर असेल, दोन-तीन गाड्या बघायच्या असतील, तर व्हीगेट आयकार प्रो किंवा ओबीडीलिंक घ्यावं. ओबीडीलिंक कित्येक पट महाग आहे, पण ते सेकंदाला खूप जास्त रीडिंग देतं. स्वस्तातल्यावर एका वेळी चार-पाचच गेज, म्हणजे ॲपमधले आकडे दाखवणारे चौकोन, लावा. दहा लावले की आकडे मागे पडतात, मग काय केल्यावर काय बदललं हे कळत नाही.

काम झालं की काढून ठेवा. सॉकेटला चावी बंद असतानाही बॅटरीचा करंट असतो. ॲडॅप्टरने ४० मिलीॲम्पिअर ओढले तरी दिवसाला जवळपास एक ॲम्पिअर-तास जातो. छोट्या गाडीची ३५ ॲम्पिअर-तासांची बॅटरी दोन आठवडे उभ्या गाडीत अशी ठेवली तर सेल्फ मारताना दम तोडू शकते.

स्कॅनर लावण्याआधी

आधी ॲव्हरेज खरंच पडलंय का ते मोजा. डॅशबोर्डवरचा आकडा बरेचदा प्रत्यक्षापेक्षा चांगला असतो, आणि टॉर्कचा आकडा त्याहून बेभरवशाचा. ज्या गाडीत हवेचं वजन मोजणारा मॅफ सेन्सर नाही, तिथे टॉर्क इंजिनाची क्षमता, मॅनिफोल्डचा (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांतला) दाब आणि गृहीत धरलेली व्हॉल्युमेट्रिक एफिशियन्सी (सिलिंडर हवेने किती भरतो) यांवरून अंदाज काढतो. त्यामुळे टाकी-ते-टाकी हीच पद्धत: एकच पंप, जमलं तर तेच नोझल, पहिल्या ऑटो कट-ऑफला थांबायचं, वर 'राउंड फिगर' करायचं नाही. पुन्हा भरताना निदान २५ लिटर बसेल इतकी गाडी चालवा. दहा लिटरच्या हिशेबात एका लिटरचा फरक म्हणजे सरळ दहा टक्के चूक. तुलना गाडीच्या आधीच्या आकड्याशी करा, गाड्यांचं अधिकृत ॲव्हरेज तपासणाऱ्या एआरएआय संस्थेच्या आकड्याशी नको. तो प्रयोगशाळेतला आहे, शहरात गाडी त्याच्या बरीच खाली राहणार.

टायर बदलल्यापासून ॲव्हरेज पडलं असेल तर टायरचं माप वाचा. १६५/७० आर१४ च्या जागी १६५/८० आर१४ बसवलं तर टायरचा व्यास साडेपाच टक्क्यांनी वाढतो. ओडोमीटर तितके किलोमीटर कमी मोजतं आणि पेट्रोल तेवढंच लागूनही ॲव्हरेज पडल्यासारखं दिसतं. हायवेवरच्या किलोमीटरच्या दगडांशी २० किलोमीटर ताडून बघितलं की उलगडा होतो.

हवेचा दाब थंड टायरवर, ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे. त्यानंतर ब्रेक. हे स्कॅनरला कधीच दिसत नाही आणि ॲव्हरेज खाण्यात याचा नंबर फार वरचा आहे. दहा किलोमीटर शक्य तितके कमी ब्रेक वापरत चालवा, शेवटी गाडी आपोआप मंदावू द्या, आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने चारही चाकांच्या डिस्क किंवा ड्रमचं तापमान बघा. समोरच्या दोन चाकांत २०-२५ अंशांहून जास्त फरक असेल तर गरम चाकाचा कॅलिपर सुटत नाहीये. हात लावून बघू नका, भाजतं. दर पावसाळ्यात आत पाणी जाऊन स्लाइड पिनांचं ग्रीस धुतलं जातं. पिना काढून साफ करून ब्रेकचंच, म्हणजे सिलिकॉन ग्रीस लावलं की बहुतेक वेळा काम होतं. साधं चॅसी ग्रीस लावलं तर रबरी बूट फुगतात आणि काही महिन्यांत तेच दुखणं परत येतं. मागची दोन्ही चाकं सारखीच गरम असतील तर हँडब्रेकची केबल जास्त ताणलेली आहे.

एअर फिल्टरबद्दल एक समज पक्का बसलाय. कार्ब्युरेटरच्या काळात धुळीने भरलेला फिल्टर मिश्रण घट्ट (पेट्रोल जास्त, हवा कमी) करायचा, ॲव्हरेज पडायचं. इंजेक्शनच्या गाडीत ईसीयू आत आलेल्या हवेच्या हिशेबानेच पेट्रोल सोडतो. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये तपासलं, तेव्हा आधुनिक पेट्रोल गाड्यांत भरलेल्या फिल्टरमुळे पिकअप घटला, इंधनाच्या खपावर मात्र जवळपास परिणाम झाला नाही. फिल्टर वेळेवर बदलाच, फक्त त्यातून ॲव्हरेज परत येईल ही आशा ठेवू नका.

आता आकडे

सगळ्यात सोपी तपासणी सकाळी, रात्रभर उभ्या गाडीवर. चावी ऑन करा, इंजिन सुरू करू नका. कूलंटचं तापमान आणि इनटेक हवेचं तापमान एकमेकांच्या तीन-चार अंशांत, आणि बाहेरच्या हवेच्या आसपास असायला हवं. बाहेर २४ अंश असताना कूलंट सेन्सर ५ अंश सांगत असेल, तर ईसीयू हिमाचलातल्या थंडीचं मिश्रण सोडतोय. याच वेळी मॅनिफोल्डचा दाब बघा. इंजिन बंद असताना तो त्या गावच्या हवेच्या दाबाइतका हवा: मुंबईत १०० ते १०१ केपीए (किलोपास्कल), पुण्यात ९५ च्या आसपास, महाबळेश्वरला ८६. पुण्यात तो १०५ दाखवत असेल तर सेन्सरच खोटा आहे. मॅप (मॅनिफोल्डचा दाब मोजणाऱ्या) सेन्सरवर चालणाऱ्या गाडीत पेट्रोलचा सगळा हिशेब याच आकड्यावर असतो. क्लोज्ड लूपमध्ये, म्हणजे ईसीयू सायलेन्सरच्या पाइपातल्या ऑक्सिजन सेन्सरचं ऐकून पेट्रोल ठरवतो तेव्हा, तो सेन्सर ती चूक सांभाळून घेतो, पण थंड इंजिनावर आणि एक्सलेटर पूर्ण दाबल्यावर जादा पेट्रोल जातंच.

दुसरी तपासणी थर्मोस्टॅटची, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या व्हॉल्व्हची. माझ्या मते हा स्कॅनर घेण्याचं एवढं एक कारणही पुरेसं आहे. बऱ्याच छोट्या गाड्यांत आता तापमानाचा काटाच नसतो, फक्त निळा आणि लाल दिवा. निळा विझला म्हणजे इंजिन नीट तापलं असा अर्थ नाही. हायवेवर ८० च्या वेगाने पंधरा मिनिटं चालवा आणि कूलंट बघत राहा. अर्थात फोन शेजारच्याच्या हातात. ८० ते ९५ अंशांत स्थिर असेल तर ठीक. ट्रॅफिकमध्ये ९० आणि मोकळ्या रस्त्यावर ६५-७० वर उतरत असेल तर थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय. किंवा तो जागेवरच नाही! 'गाडी गरम होते' या तक्रारीवर थर्मोस्टॅट काढून टाकणं हा आपल्याकडचा जुना उपाय आहे. जुनी गाडी घेतली असेल तर हे आवर्जून तपासा. थंड इंजिनाला ईसीयू जादा पेट्रोल देत राहतो, तेल घट्ट राहून घर्षण वाढतं आणि तेलात पेट्रोल मिसळतं. यावर पी०१२८ हा बिघाडाचा कोड यायला हवा, पण आपल्या उष्ण हवेत तो कित्येकदा येतच नाही. दुरुस्ती महाग नाही: कंपनीच्या तापमानाचा थर्मोस्टॅट, नवी ओ-रिंग, कूलंट आणि नीट काढलेली हवा.

तिसरं, आणि ज्यासाठी थोडा धीर लागतो ते, फ्युएल ट्रिम. ऑक्सिजन सेन्सरचं ऐकून ईसीयू मूळ हिशेबात किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा घटवतोय, ते हा आकडा सांगतो. शॉर्ट टर्म क्षणाक्षणाला हलतो, लाँग टर्म ही शिकलेली सवय. दोन्हींची बेरीज धरायची. इंजिन पूर्ण गरम, एसी आणि दिवे बंद. दोन मिनिटं आयडलिंगला, मग एक मिनिट २५०० आरपीएमला, मग तिसऱ्या गिअरमध्ये ५० च्या स्थिर वेगाला बेरीज लिहून ठेवा. अधिक-उणे ५ उत्तम, १० पर्यंत चालण्यासारखं, त्यापुढे शोध घ्या. ॲपमध्ये फ्युएल सिस्टीमची स्थितीही दिसते. गरम इंजिनावर ती 'क्लोज्ड लूप' हवी. 'ओपन लूप'वरच अडकली असेल तर ईसीयू सेन्सरला विचारतच नाही, ठरावीक मिश्रण सोडतो, आणि ते घट्टच असतं.

इथे एक चूक सर्रास होते. बेरीज -१२ आली की 'गाडी रिच (घट्ट मिश्रणावर) चालतेय, म्हणून ॲव्हरेज नाही' असा निष्कर्ष निघतो. पण -१२ म्हणजे ईसीयूने १२ टक्के पेट्रोल आधीच कापलंय आणि मिश्रण जागेवर आणलंय. कारण शोधायला हवंच: गळका इंजेक्टर, जास्त फ्युएल प्रेशर, उघडा अडकलेला पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा). मात्र स्थिर वेगात ॲव्हरेज त्याने फारसं घटत नाही. घात होतो तो उलट्या बाजूने. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी सायलेन्सरला चीर गेली असेल, एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट फुंकत असेल, तर बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला वाटतं मिश्रण पातळ आहे. ईसीयू ट्रिम +१५, +२० करतो, कधी पी०१७१ 'लीन' कोडही येतो, आणि प्रत्यक्षात इंजिन जादा पेट्रोल पीत असतं. ट्रिम अधिक आणि सायलेन्सरच्या तोंडाशी काळी काजळी, असं एकत्र दिसलं की इंजेक्टर साफ करायला देऊ नका. थंड इंजिन सुरू करून एक्झॉस्ट मॅनिफोल्डपाशी टकटक आवाज येतो का ऐका, जोडावर काजळीचा माग दिसतो का बघा.

मॅफ सेन्सरच्या गाडीत ट्रिम आयडलिंगला +१५ आणि २५०० ला +३ असेल तर फिल्टरनंतरच्या पाइपात किंवा व्हॅक्यूम होजमध्ये हवेची गळती आहे. उलट, आयडलिंगला ठीक आणि वेग वाढेल तशी ट्रिम वाढत असेल तर मॅफ मळलाय किंवा फ्युएल प्रेशर अपुरं पडतंय. मॅफ फक्त मॅफ क्लीनरच्या स्प्रेने धुवायचा, कार्ब क्लीनरने नाही, आणि तारेला काहीही टेकवायचं नाही. मॅप सेन्सरच्या गाडीत गळती वेगळी दिसते. बाहेरून शिरलेली हवा दाब वाढवते, ईसीयू तिच्या वाट्याचं पेट्रोलही देतो, ट्रिम शांत राहते आणि आयडलिंग चढं राहतं. गरम इंजिन, एसी बंद, आयडलिंग, अशा स्थितीत दाब साधारण २८ ते ३८ केपीए असतो. ४५ च्या वर असेल तर होज, पीसीव्ही व्हॉल्व्ह (क्रँककेसमधली वाफ इंजिनात परत सोडणारा) आणि थ्रॉटलचं गॅस्केट तपासा. तिथे सगळं ठीक निघालं तर कॉम्प्रेशन आणि टायमिंग.

जुन्या धाटणीच्या पुढच्या ऑक्सिजन सेन्सरचं व्होल्टेज २५०० आरपीएमला ०.१ ते ०.९ मध्ये भराभर वर-खाली व्हायला हवं. आळसावलेला सेन्सर मधेच रेंगाळतो. ८० हजार ते लाखभर किलोमीटर झालेल्या गाडीत हे सामान्य आहे. बीएस-६ च्या बऱ्याच गाड्यांत पुढचा सेन्सर वाइडबँड प्रकारचा असतो. त्याला हा नियम लावू नका, तिथे लॅम्ब्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण, १ म्हणजे नेमकं) १ च्या आसपास आहे का एवढंच बघा.

क्लच घसरतोय का, हेही यात कळतं. चौथ्या गिअरमध्ये आरपीएमला वेगाने भागा. चढावर एक्सलेटर दाबला तरी हा भागाकार बदलता कामा नये. आरपीएम उडाला आणि वेग मागे राहिला, तर क्लच प्लेट संपत आलीय.

ई२० आणि सीएनजीमुळे दिसणारे आकडे

२० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला जाळायला लागणारी हवा कमी: शुद्ध पेट्रोलचं गुणोत्तर १४.७, ई१० चं (१० टक्के इथेनॉल) १४.१, ई२० चं (२० टक्के) साडेतेराच्या आसपास. म्हणून ई१० साठी बांधलेल्या गाडीत ई२० भरलं की ट्रिम तीन-चार टक्क्यांनी अधिककडे सरकते. ट्रिम आधीच थोडी अधिक असेल आणि आता आयडलिंगला, २५०० ला आणि रस्त्यावर सगळीकडे सारखंच +६, +७ दिसत असेल तर तो बिघाड नाही, इंधनाचा गुण आहे. लिटरमागे ऊर्जा शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के आणि ई१० पेक्षा साडेतीन टक्क्यांच्या आसपास कमी असते. १८ देणारी गाडी साडेसतराच्या खाली आली तर एवढं यातून समजू शकतं. १८ ची १४ झाली तर ई२० ला दोष देऊन थांबू नका.

बाहेरून बसवलेल्या सिक्वेन्शियल सीएनजी किटच्या गाडीत लाँग टर्म ट्रिम पेट्रोलवर आणि गॅसवर वेगवेगळी लिहा. किटचं ट्यूनिंग चुकलेलं असेल तर गॅसवर चालताना पेट्रोलचा ईसीयू भलतीच ट्रिम शिकतो आणि पेट्रोलवर आल्यावर तीच वापरतो. दोन्हींत पाच टक्क्यांहून जास्त अंतर असेल तर किटवाल्याकडे जाऊन लॅपटॉपवर मॅप पुन्हा बसवून घ्या. तो 'ऑटो कॅलिब्रेशन' करून मोकळा होत असेल तर गाडी रस्त्यावर चालवून ट्रिम बघायचा आग्रह धरा.

डिझेलवाल्यांनी मात्र अपेक्षा कमी ठेवाव्यात. तिथे फ्युएल ट्रिम नसते. कूलंट, मॅफ, बूस्ट आणि कोड दिसतील, पण इंजेक्टर करेक्शन किंवा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) किती भरलाय हे बघायला बहुधा त्या कंपनीचा स्कॅनरच लागतो.

कोड दिसला की लगेच 'क्लिअर' दाबू नका. आधी कोड आणि फ्रीझ फ्रेमचा स्क्रीनशॉट घ्या. बिघाडाच्या क्षणाचा वेग, लोड, तापमान त्यात असतं. क्लिअर केल्यावर बहुतेक गाड्यांत शिकलेल्या ट्रिमही पुसल्या जातात आणि शंभरेक किलोमीटर काही निदान करता येत नाही. एक इशारा: स्कॅनर शोधताना शेजारीच 'इको ओबीडी', 'फ्युएल सेव्हर' अशा नावांचे तसेच दिसणारे डबे येतात. 'खोचा आणि १५ टक्के पेट्रोल वाचवा' हा त्यांचा दावा. असे डबे उघडून बघणाऱ्यांना आत दिवे लुकलुकवणारं सर्किट सापडलंय, कॅनच्या तारांवर संदेश पाठवणारं काहीही नाही. ते घेऊ नका.

पार्सल आल्यावर परतीची मुदत असतानाच एवढं करून बघा. ब्लूटूथची पिन १२३४ किंवा ०००० असते. ॲपमध्ये प्रोटोकॉल 'ऑटो' ठेवा आणि आरपीएम, कूलंट, मॅनिफोल्डचा दाब किंवा मॅफ, शॉर्ट आणि लाँग टर्म ट्रिम असे पाच गेज लावा. एखादं गेज रिकामं राहिलं तर गाडी कुठले आकडे देते त्याची यादी ॲपमध्ये असते, ती बघा. यादीत असून गेजवर येत नसेल तर दोष ॲडॅप्टरचा. वीस मिनिटं खड्ड्यांच्या रस्त्यावरून चालवा. जोडणी तुटली, आकडे गोठले किंवा सॉकेटमध्ये डबा हलत राहिला, तर त्याच दिवशी परत पाठवून दुसरा मागवा.